लॉनवरची रांग आणि खाज्याची पुडी

पत्राचा सारांश: गोव्याच्या फोंडा तालुक्यातल्या एका २९ वर्षांच्या मुलीचं पत्र आहे. लग्न डिसेंबरात, नवरामुलगा सिंधुदुर्गातल्या कुडाळचा. सकाळी मुहूर्त आणि संध्याकाळी सातपासून एका लॉनवर रिसेप्शन. माणसं साधारण ८००, घरं मोजली तर ३००, त्यात कुडाळहून तीन बस भरून वऱ्हाड. गेल्या वर्षी चुलत बहिणीच्या रिसेप्शनला प्रत्येक पाहुण्याला सुगंधी मेणबत्ती दिली होती. शिवाय निवेदक, डीजे आणि स्टेजवर फवाऱ्यासारखी उडणारी ती थंड आतषबाजी. ‘लोक अजून बोलतात,’ असं ती लिहिते. हिच्या मनात दोघांची नावं छापलेले मग आहेत, नग १८० रुपये. धाकट्या भावाला डीजे हवा, निवृत्त मराठी शिक्षक असलेल्या वडिलांना नाट्यसंगीताची मैफल. मामांनी काजू फेणीच्या छोट्या बाटल्या सुचवल्यात. होणाऱ्या सासूबाईंचं म्हणणं एवढंच, की कुणी रिकाम्या हातानं जाऊ नये. भेटवस्तू आणि करमणूक मिळून तीन लाख बाजूला काढलेत. तिचा प्रश्न असा: पाहुण्यांना द्यावं काय, आणि तीन तास त्यांना कंटाळा येऊ नये म्हणून ठेवावं काय? अगदी शेवटी एक ओळ आहे: ‘आत्या म्हणते, सकाळी अक्षता टाकून जाईन, रिसेप्शनला येत नाही, गर्दी आवडत नाही. आतोबा गेल्यापासून ती कुठल्याच कार्यात पुढे येत नाही.’

आधी माझ्या स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीची हकीकत ऐक. तिथे चार मग आहेत. चारही लग्नांतून आलेले, चारहींवर बदाम, बदामात दोन नावं आणि खाली तारीख. त्यातल्या एका जोडप्याकडे आम्ही मुलीकडून गेलो होतो की मुलाकडून, हेसुद्धा आता मला सांगता येत नाही. मग टाकवत नाहीत, कारण लग्नातली वस्तू. कुणाला देताही येत नाहीत, कारण त्यावर तिसऱ्याचीच नावं. पाहुण्यांना त्यातून चहा दिला तर ते आधी नावं वाचतात आणि मग ‘हे कोण?’ विचारतात. एकात मी सध्या हळदीचा कोंब रुजत घातलाय, तेवढाच काय तो सत्कारणी लागला.

तू असे ८०० घेणार आहेस. १,४४,००० रुपयांचे. आणि माणसं ८०० असली तरी घरं ३०० आहेत, म्हणजे चौघांच्या घरात एकाच बदामाचे चार मग. माझ्या फळीवर निदान चार वेगवेगळी लग्नं तरी आहेत.

आता तुझ्या त्या वाक्याकडे येते. लोक अजून बोलतात, हे खरं असेल. पण काय बोलतात, हे तू कुणाला विचारलंस का? तुझं पत्र आल्यावर मी ओळखीतल्या चौघींना फोन करून विचारलं की गेल्या वर्षभरात गेलेल्या लग्नांतलं काय लक्षात आहे. एकीला जेवणातलं खतखतं आठवलं, त्यातल्या तिरफळांसकट. दुसरीला आठवलं की गुडघ्याचं ऑपरेशन होऊन दोन महिने झालेले असताना ती स्टेजच्या रांगेत पाऊण तास उभी होती आणि कुणी खुर्ची दिली नाही. तिसरीनं वधूच्या आजोबांची गोष्ट सांगितली, ते फाटकाशी बसून प्रत्येकाला ‘जेवल्याशिवाय जाऊ नका’ म्हणत होते. चौथी म्हणाली, ‘गाणी इतकी मोठ्यानं होती की शेजारच्या खुर्चीवर माझी बालमैत्रीण बसली होती, अठरा वर्षांनी भेटलेली, आणि आम्ही एकमेकींना नंबर दिला नि उठलो.’ काय भेट मिळाली होती, हे विचारल्यावर दोघींना आठवलं नाही. दोघींना आठवलं ते सांगण्यासारखं नव्हतं.

तुला बहिणीची बरोबरी करायची आहे. करू नकोस, असं मी म्हणणार नाही. चुलत घरांत ते चालायचंच. पण तिच्या लग्नातली कोणती गोष्ट लोकांना खरंच आवडली, हे कळल्याशिवाय बरोबरी तरी कशाशी करणार? तिलाच विचार. माझा अंदाज आहे की ती तुला मेणबत्त्यांबद्दल काही सांगणार नाही, मेकअपला किती उशीर झाला ते सांगेल.

आणि हा जो कंटाळा घालवायला तू एवढी धडपडतेयस, तो येतो कुठून ते बघ. हिशोब साधा आहे. ३०० घरं स्टेजवर येणार. चढायचं, हात मिळवायचे, पाकीट द्यायचं, फोटोसाठी उभं राहायचं, ‘एक मिनिट, काकी, इकडे बघा’, उतरायचं. भरभर केलं तरी एका घराला ४० सेकंद. ३०० गुणिले ४० म्हणजे १२,००० सेकंद, म्हणजे तीन तास वीस मिनिटं. तुझं रिसेप्शनच तीन तासांचं. तेही तू सातला स्टेजवर असलीस तर. मी आजवर एकही नवरी सातला स्टेजवर पाहिलेली नाही.

म्हणजे तू ८०० माणसांना बोलावणार, त्यांना रांगेत उभं करणार आणि मग ती उभी राहून कंटाळतील म्हणून दीड लाखाची करमणूक आणणार. रांग मोडली तर अर्धी करमणूक लागायचीच नाही.

कशी मोडायची? स्टेजवरून खाली या. सात ते साडेसात फक्त अगदी घरच्यांचे फोटो, त्यांची यादी आधी करून एका खमक्या मावशीच्या हातात द्यायची. मावशी अशी निवड की जिला फोटोग्राफर घाबरेल. साडेसातला जेवण उघडायचं, कुणासाठी न थांबता. मग तुम्ही दोघं पाहुण्यांत फिरायचं. लॉनवाले खुर्च्या सिनेमा थिएटरसारख्या रांगांनी मांडतात. त्यांना दहा-दहांचे घोळके करायला सांग, टेबल असलं तर उत्तम, नसलं तरी चालेल. ८०० माणसांचे ८० घोळके. प्रत्येकाशी दीड मिनिट म्हटलं तर दोन तास होतात. फोटोग्राफर बरोबर फिरतो आणि दहाजणांचा एक फोटो घेतो. दीड मिनिटात काय होतं म्हणशील, पण त्यात म्हातारी आजी बसल्या जागेवरून तुझ्या गालावरून हात फिरवू शकते. स्टेजवर तिला त्या पायऱ्याच चढवत नाहीत. पाकिटांची सोय मात्र आधी कर. पत्रिकेत ‘आहेर आणू नये’ छापलंस तरी निम्मे लोक आणतातच. मागून पिशवी घेऊन फिरायला एक शांत डोक्याचा मामेभाऊ लागेल. आणि पायात उंच टाचा घालू नकोस. लॉनच्या मातीत त्या रुततात.

आता भेटीचं.

सासूबाईंचं म्हणणं मला पटतं. पाहुण्याला रिकाम्या हातानं पाठवू नये ही काही नवी टूम नव्हे. दारात गुलाबपाणी शिंपडायचं, मनगटाला अत्तर लावायचं, निघताना पानसुपारी, नारळ, पेढा. हे सगळं आपल्याकडे कधीपासून आहे. त्यात आणि मगात फरक एवढाच की त्यातलं काहीही कुणाच्या फळीवर वर्षानुवर्षं पडून राहत नसे. अत्तर रात्रीपर्यंत उडून जाई आणि नारळ दुसऱ्या दिवशीच्या आमटीत. तेव्हा माझा पहिला नियम: संपणारी वस्तू द्यावी. दुसरा: माणशी नको, घराला एक. १८० रुपयांचीच वस्तू ३०० घरांना दिलीस तर ५४,००० होतात. ९०,००० वाचले. त्यातून वस्तू थोडी चांगली घेता येईल किंवा वाचलेले पैसे सरळ वडिलांकडे परत देता येतील. तीन लाख बाजूला काढले याचा अर्थ ते खर्च झालेच पाहिजेत असा नाही.

मामांची फेणी मला एरवी आवडली असती. काजू फेणीला २००९ पासून भौगोलिक मानांकन आहे आणि तिच्याबद्दल लाजण्यासारखं काही नाही. पण कुडाळचं वऱ्हाड रात्री सीमा ओलांडून जाणार आहे आणि महाराष्ट्राच्या हद्दीतल्या इन्सुलीच्या नाक्यावर गोव्याची दारू शोधायलाच लोक बसलेले असतात. तीन बस, प्रत्येक घराकडे एकेक बाटली, आणि त्यावर तुमच्या दोघांची नावं. लग्नाच्या रात्री सासरेबुवा नाक्यावर जबाब देताहेत हे चित्र मला काही बरं दिसत नाही. मामांना सांग, त्यांची फेणी त्यांनी नंतर घरी बसून जावयाला पाजावी.

मग गोव्याचं असं काय? बिबिंका हा गोड पदार्थ सुचेल. तिला २०२३ मध्ये मानांकन मिळालं, दिसते देखणी. पण तिच्यात अंडी असतात आणि मंगलकार्यात काही घरची वडीलधारी माणसं तिला हात लावणार नाहीत. शिवाय ती थर थर भाजायची वस्तू, एक थर झाल्याशिवाय दुसरा ओतता येत नाही. ३०० तुकडे ऐन डिसेंबरात, नाताळाच्या गडबडीत, कुणाकडून करून घेणार? घ्यायचीच तर दिवाळीआधी सांगून ठेवावी लागेल. खोल्याची मिरची सुरेख, लालभडक, पण लग्नात मिरच्या वाटल्या तर तुझी आई म्हणेल पाहुण्यांची दृष्ट काढतेस की काय. सोलं, म्हणजे आमसुलं, छान टिकतात, कुणाच्याही स्वयंपाकात लागतात. पण कुडाळच्या माणसाला सोलं देणं म्हणजे समुद्राला मीठ विकणं. काजूगराचंही तेच. त्यांच्या स्वतःच्या बागा असतील.

माझं मत खाज्याला. जत्रेतलं खाजं, बेसनाच्या तळलेल्या कांड्या, वर गुळाचा पाक आणि आल्याचा झणका. त्याला २०२१ मध्ये मानांकन मिळालंय. कोरडं असतं, टिकतं, बसमध्ये सांडत नाही, शाकाहारी-मांसाहारी भानगड नाही, दात असलेल्यांना आवडतं आणि नसलेले चघळतात. मुख्य म्हणजे ते जत्रेची आठवण करून देतं. एखाद्या खाजेकार कुटुंबाला आत्ताच गाठ, कारण डिसेंबर हा जत्रांचा मोसम आणि त्यांचे हात तेव्हा रिकामे नसतात. आणि कागदाच्या पुडीत किंवा कापडाच्या छोट्या थैलीत बांधून घे. मिठाईच्या डब्यांवर आणि पत्रिकांवर गुंडाळायचा तो चकचकीत प्लास्टिकचा पापुद्रा १ जुलै २०२२ पासून देशभर बंद आहे, तरी छापखानेवाले अजून विचारतात, ‘लावू का?’ नाही म्हणायचं.

थैलीवर तुमची नावं छापू नकोस. त्याऐवजी आत एक कागद घाल. कुठला ते सांगते.

पूर्वी आपल्याकडे लग्नात मंगलाष्टकं छापून वाटत, आठवतं का? तुझ्या वयाला कदाचित नसेल, तुझ्या वडिलांना नक्की आठवत असेल. दोन्ही घरांतल्या माणसांची नावं गुंफून खास त्या लग्नासाठी रचलेली. पातळ गुलाबी किंवा पिवळा कागद, कडेला वेलबुट्टी, वर गणपती. आजी-आजोबांपासून सगळ्यात धाकट्या दिरापर्यंत सगळे त्या ओळींत सापडत. लोक ते कागद पोथीत, ट्रंकेत, कपाटातल्या वर्तमानपत्राखाली जपून ठेवत, कारण त्यात त्यांचं स्वतःचं नाव असे. वरवधूचं नाव असलेला मग आणि स्वतःचं नाव असलेला कागद, यातलं माणूस काय ठेवील?

तुझे वडील मराठीचे शिक्षक होते. शार्दूलविक्रीडितात ओळीला एकोणीस अक्षरं, तीही गणात बसवायची. त्यात कुडाळच्या नणंदेचं नाव कोंबणं हा त्यांच्यासाठी महिन्याभराचा उद्योग आहे. त्यांना आत्ताच वही दे. नावं चुकली तर मात्र जन्माचा राग, तेव्हा दोन्हीकडच्या नावांची यादी दोन-दोनदा तपासून घ्या. सकाळी मुहूर्तावर ती म्हणायची आणि संध्याकाळी छापलेला कागद खाज्याच्या पुडीबरोबर द्यायचा. छपाईला असा कितीसा खर्च येतो!

यावरून वडिलांच्या मैफलीकडे. ती रिसेप्शनला ठेवू नकोस. ते दुखावतील, म्हणून कारणासकट सांग. तुमच्याच तालुक्यातल्या केरीच्या केसरबाई केरकर. त्यांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानावरच्या तबकडीतून अंतराळात गेली. त्याच तालुक्यात गवयाला पुलावाच्या कढईशेजारी बसवायचं, समोर ८०० माणसं प्लेट हातात घेऊन एकमेकांना ‘अरे, कधी आलास?’ विचारताहेत, आणि त्यानं नाट्यपद आळवायचं? गाणाऱ्याचा अपमान, ऐकणाऱ्याला अपराधीपणा, बोलणाऱ्याला अडथळा. त्यापेक्षा आदल्या रात्री, हळद झाल्यावर, अंगणात सतरंजी घाला. चाळीस माणसं, एक पेटी, एक तबला, चहा. गावात गाणारं कुणी ना कुणी असतंच, फोंडा तालुक्यात तर दोन-तीन निघतील. वडिलांच्या मनातली मैफल तीच असावी, लॉनवरची नव्हे. विचारून बघ.

भावाच्या डीजेचं उत्तर घड्याळ देईल. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. बंद सभागृहाला सवलत आहे, लॉनला नाही. सरकार वर्षातले मोजके दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं, पण ते दिवस सरकार ठरवतं, नवरदेवाचा मेहुणा नव्हे. पाहुणे भरतात आठनंतर. दहाला बंद. मधल्या दोन तासांत जेवायचं, भेटायचं, त्यात डीजेनं वाजवायचं कधी? भावाला शेवटचा पाऊण तास दे, सव्वानऊ ते दहा. तोवर ज्येष्ठ मंडळी जेवून निघालेली असतील आणि नाचायचं ते नाचतील. त्याआधी गाणी इतकीच मोठी की शेजारच्याशी न ओरडता बोलता यावं. हे भावाला नाही, आवाजाची फिरकी ज्याच्या हातात आहे त्या माणसाला सांगायचं, आणि एक माणूस त्याच्याजवळ उभा ठेवायचा. एक गोष्ट लॉनवाल्याकडून लेखी घे: गाण्यांच्या परवान्याचे पैसे मागितले गेले तर ते कुणी भरायचे. कॉपीराइट कायद्यात लग्नसमारंभाला सूट आहे, पण ती कुठवर पोचते यावर वाद आहे. २०२४ साली याच विषयावरचं गोवा सरकारचं परिपत्रक उच्च न्यायालयानं रद्द केलं. ऐन संध्याकाळी कुणी पावती घेऊन उभं राहिलं तर बाबांना धावायला लागू नये.

निवेदक नको. माझं हे मत जरा कडकच आहे. नवऱ्याच्या डोळ्याला पट्टी बांधून पाच बायकांतून बायकोचा हात ओळखायला लावणारे, सासूला माइकवर ‘सून कशी वाटली?’ विचारणारे. लोक हसतात, पण ज्याच्यावर हसतात त्याला ते आठवत राहतं. बोलायचंच तर आपल्या ख्रिस्ती शेजाऱ्यांकडून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. त्यांच्याकडे टोस्टला एक माणूस उभा राहतो, जोडप्याला खरंच ओळखणारा, चार शब्द बोलतो, सगळे पेला उंचावतात, आणि मग लोक स्वतःच नाचतात. त्यांना नाच दाखवावा लागत नाही. तुझी एखादी मैत्रीण आणि त्याचा एखादा मित्र, तीन-तीन मिनिटं. पेल्यात सोलकढी चालेल.

यात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे: पाहुण्यांनी बघायचं काय, यापेक्षा पाहुण्यांनी करायचं काय. आणि तुझ्या बाबतीत उत्तर समोर आहे. फुगडी. तुमच्याकडे चवथीला बायका फुगड्या घालतात, कुडाळलाही घालतात. गाणी थोडी वेगळी, चाल थोडी वेगळी, गिरकी तीच. दोन्हीकडच्या बायकांना आधीपासून सांगून ठेव, सासूबाईंना स्वतः फोन कर. लॉनचा एक कोपरा मोकळा ठेव, साडेआठला अर्धा तास, माइक नको. कोण कुणाला हरवतं ते त्यांचं त्या बघतील. सकाळपासून ‘मुलाकडचे’ आणि ‘मुलीकडचे’ म्हणून वेगवेगळ्या बाजूला बसलेल्या बायका घामाघूम होऊन एकाच टेबलाशी पाणी प्यायला येतील.

आणि वऱ्हाडाच्या स्वागताला घुमट, ते मातीच्या मडक्याचं चामडं ताणलेलं वाद्य. गावात आरतीचं पथक असेलच, घुमट आणि साथीला शामेळ, कासाळे. बस फाटकात आली की वाजवायला सुरुवात, वीस मिनिटं पुरे. विजेची गरज नाही. २०१९ मध्ये घुमटाला राज्याच्या वारसा वाद्याचा मान मिळाला. पूर्वी त्यावर घोरपडीचं कातडं ताणत, वन्यजीव कायद्यानं ते बंद झालं आणि आता बकऱ्याचं असतं. कुडाळकरांत कुणीतरी हा प्रश्न विचारणारच, म्हणून सांगून ठेवते. पथकातल्या पोरांना जेवायला घाल आणि मानधन पाकिटात आधी दे, ‘नंतर बघू’ नको.

सासरच्यांना काही ठेवायचं असेल तर त्यांच्या घरी सत्यनारायण होईल तेव्हा दशावतार किंवा डबलबारी भजन ठेवू दे. ते त्यांचं अंगण, त्यांची रात्र. सगळं एका लॉनवर तीन तासांत कोंबायला नको.

मुलांसाठी एका कडेला लांबलचक कोरा कागद आणि खडू, एवढ्यावर ती तासभर बसतात. अजून काही नको.

राहिली आत्या. तू ती ओळ शेवटी लिहिलीस, पण मला वाटतं तिच्यासाठीच तू पत्र लिहिलंस.

गर्दी आवडत नाही म्हणते ती. सकाळच्या मुहूर्ताला गर्दी नसते का? मी तिला ओळखत नाही, तेव्हा ठामपणे काही सांगत नाही, पण अशा अनेक आत्या पाहिल्यात. त्या गर्दीला घाबरत नाहीत. दारात गजरा देणारी मुलगी त्यांच्यापाशी येऊन क्षणभर थबकते, त्या क्षणाला घाबरतात. हळदीकुंकवाचं तबक पुढे येतं आणि वळून शेजारणीकडे जातं. तुम्ही स्वागताला जे काही द्याल ते असं ठरवा की थबकायची वेळच येणार नाही. आबोलीची फाती, म्हणजे गुंफलेला गजरा, येणाऱ्या प्रत्येक बाईला, लहान मुलीपासून पणजीपर्यंत. जाई डिसेंबरात मिळायची नाही, तो पावसाळ्याचा बहर. आबोलीला वास नसला तरी ती रात्रभर कोमेजत नाही. पुरुषांना अत्तर. दारात उभ्या राहणाऱ्या मुलींना आधी नीट सांगून ठेव: कपाळाकडे बघायचं नाही, फक्त ‘या’ म्हणायचं.

मला आणखी एक सुचतंय. चुड्याला जो काकणकार तुमच्या घरी येईल, त्यालाच संध्याकाळी लॉनवर एक कोपरा दे. हिरव्याच नव्हे, सगळ्या रंगांच्या काचेच्या बांगड्या. ज्या बाईला हव्या तिनं बसावं, हात पुढे करावा. काकणकार हात दाबून दाबून बांगडी कशी चढवतो हे बघायलाच पोरी जमतात, आणि भेट आणि करमणूक दोन्ही एका जागी होतं. पण हे करण्याआधी आत्याकडे जा. एकटी जा, आईला नेऊ नकोस. तिला सांग की असा कोपरा ठेवतेय आणि त्याच्याशी तू बसावंस असं मला वाटतं, रंग निवडून द्यायला. २०२२ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं नवरा गेल्यावर बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं बंद करायचा ठराव केला. आख्खं गाव करू शकलं, तर एका लॉनचा कोपरा तरी तुम्हाला जमेल. पण ती नाही म्हणाली तर लगेच मान्य कर. तिला पुढे आणून टाळ्या वाजवायच्या नाहीत, फोटो टाकायचे नाहीत. तिला बांगड्या नकोशा असतील तर वडिलांच्या मंगलाष्टकांत तिचं नाव कुठे येतं तेवढं दाखव आणि संध्याकाळी गाडी पाठव. कधी कधी माणसं फक्त न्यायला कुणी येत नाही म्हणून येत नाहीत.

एक शेवटचं. कुडाळच्या बसना परतायला अडीच-तीन तास लागतील. त्यांच्या तिन्ही बसच्या लोकांना साडेसातला सगळ्यात आधी जेवायला बसव. खाज्याच्या पुड्या फाटकाशी वाटू नकोस, त्या गडबडीत निम्म्या टेबलावर राहतात. भावाला सांग, निघायच्या आधी प्रत्येक बसमध्ये पुड्या आणि पाण्याच्या बाटल्या ठेवायच्या. मालवणचं खाजं खरं की गोव्याचं, या वादात इन्सुलीपर्यंत तरी कुणाला झोप लागायची नाही.